हट्टाचा अभ्यास

“आज कशाचा करू?” मनीने काकूला विचारलं. आज कुठला फ्रॉक घालू असं विचारावं, इतक्या साध्या आवाजात विचारलं. काकूने आधी पाहणीला आलेल्या बाईकडे बघितलं आणि ती कौतुकाने हसली. “बघा. तुम्ही सांगून गेलात तेव्हापासून रोज करते हं हट्ट. अभ्यास झाला की करते. काल फुग्याचा केला. हो ना गं?” मनीने मान डोलावली. “परवा लाल पेन्सिलीचा,” ती म्हणाली, आणि कुणाला वाईट वाटायला नको म्हणून लगेच पुढे म्हणाली, “पण नाही मिळाली तरी चालली.” यावर पाहणीवाली बाई हसली. हसायला नको होतं, पण हसली. एवढी वर्षं परक्या घरांत जाऊन बसायचं म्हणजे चेहरा आपोआप कामाला लागतो, मालकाला विचारत नाही. मग तिने पिशवी उचलली, उद्या-परवा परत येते म्हणाली, आणि चपलेचा बंद न लावताच जिना उतरली.

रस्त्यावर आल्यावर आपण कुठे निघालोय हे तिला काही केल्या आठवेना. समोर नळ विकणारं दुकान होतं. काचेच्या आड चकचकीत नळ ओळीने मांडलेले, आणि एकालाही पाणी नाही. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आतला पोऱ्या उठून बाहेर यायला लागला तशी निघाली. आज कशाचा करू. कशाचा करू आज. चालता चालता शब्द पायांत यायला लागले. आपण तरी काय सांगितलं होतं? मागच्या खेपेला दाराशी उभं राहून, अगदी जाता जाता, काकूला म्हटलं होतं, “मुलगी फारच शहाणी आहे हो. हिला जरा हट्ट करू द्या.” एवढंच. करू द्या म्हटलं होतं, करायला लावा असं नव्हे. पण काकू औषधाच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना ‘जेवणाआधी एक, जेवणानंतर एक’ असं समजावून देणारी बाई, सांगितलेलं मनापासून पाळणारी. तिने हट्टही तसाच द्यायला घेतला. संध्याकाळी, अभ्यासानंतर, एक. आणि मनी तो तोंड वाकडं न करता घेत होती. चांगल्या बाईने चांगल्या मुलीला चांगल्या मनाने दिलेला. यात रागवायचं कुणावर, हे तिला कळेना, आणि राग तर आला होता. तो कुठे ठेवावा हे न सुचल्याने ती तो बरोबर घेऊनच बसमध्ये चढली.

ज्या मुलांना आईबाप नसतात, किंवा असून नसल्यासारखे असतात, ती ज्या घरांत सांभाळायला दिलेली असतात त्या घरांत जायचं आणि मूल बरं आहे का ते बघायचं, हे तिचं काम. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, शाळा, सोबती, राग, भीती. प्रत्येक सदरासमोर एक गोल टिकली चिकटवायची, हिरवी, पिवळी नाहीतर लाल. आणि सगळ्यांच्या खाली एक मोकळी जागा, महत्त्वाच्या घटनांसाठी. त्या जागेत काय लिहायचं याबद्दल कार्यालयात एक न बोलता ठरलेली पद्धत होती. ज्याचा आवाज झाला ते लिहायचं. हात मोडला, शाळेतून चिठ्ठी आली, शेजाऱ्याची काच फोडली, ताप डोक्यात गेला. आवाज झाला नसेल तर घटना नाही. घटना नाही म्हणजे हिरवी टिकली. सगळ्या टिकल्या हिरव्या झाल्या की फाइल बंद, मग त्या घरात पुन्हा कुणी जायचं नाही. ते घर त्या मुलाचं झालं असं धरायचं. असं झालं की कार्यालयात बरं वाटायचं सगळ्यांना, आणि वाटावंच. लाल टिकल्यांच्या घरांचे जिने उतरणं कसं असतं ते तिला माहीत होतं.

मनीची फाइल मात्र पहिल्या दिवसापासून हिरवी होत चालली होती. आई आजाराने गेलेली. त्यानंतर एका घरी काही महिने, तिथून या घरी. आधीचं घर का सुटलं, तर ‘कुटुंबाच्या अडचणीमुळे’. हे शब्द तिच्याच एका सहकाऱ्याचे. चांगले गुळगुळीत शब्द, कुठून धरायला जावं तर हात सटकतो. या घरी आल्यावर मुलीने कसली म्हणून तक्रार केली नाही. भोपळा मुकाट्याने खाते. भोपळा! पाहणीत आजवर एवढी मुलं बघितली, भोपळा न सांगता खाणारं हे पहिलंच. खुर्ची ओढत नाही, दोन्ही हातांनी उचलून ठेवते. नळ सोडला की धारेखाली तळवा धरते, भांड्यावर पाणी वाजू नये म्हणून. शिंक आली तर उशीत शिंकते. गॅरेजमध्ये मिस्त्री असलेल्या काकांनीच तिचं नाव मनी ठेवलं होतं. “घरात पोर आहे का मांजर, पत्ताच लागत नाही हो,” असं म्हणत ते मोठ्याने हसायचे, आणि ते हसले की मनी त्यांच्याकडे बघून बरोबर तेवढंच हसायची. पाहणीला गेलं की पाणी तीच आणून द्यायची, समोर बसायची आणि विचारायच्या आधीच सांगायची, “झोप लागते. भूक पण लागते. शाळेत दोन मैत्रिणी आहेत.” पुढचा प्रश्न कुठला हे तिला पाठ होतं. आजवर समोर बसलेल्या सगळ्या बायांचे प्रश्न तिने लक्षात ठेवले होते. काकू पदर सावरत म्हणायची, “इतकी शहाणी आहे की काय सांगू. घरात आहे हे जाणवतसुद्धा नाही.” आणि त्याच वाक्याला दर वेळी पाहणीवाली बाई हातातलं पेन बंद करून परत उघडायची. आपल्याला काय होतंय हे तिला नक्की माहीत होतं. फक्त ते कामाच्या वेळात येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलेलं होतं.

बसमध्ये ते आलं. खिडकीला डोकं टेकलं आणि मामाचं घर आलं. लहान भाऊ आजारी होता, पाळण्यात निपचित पडलेला असायचा, आणि घरात पावलं वाजवायची नाहीत असा दंडक होता. मग एके सकाळी तिला मामाकडे नेलं. थोडे दिवस, असं म्हणाले होते. मामी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. मामी वेणी घालताना गाठी हळू सोडवायची. बिस्किटांचा डबा कुठल्या फळीवर आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तिने एकदाही मागितलं नाही, कुणी दिलं तर घ्यायची. एकदा अंथरूण ओलं झालं तर ती सकाळभर त्याच्यावरच बसून राहिली, इथे बसायला मला आवडतं असं सांगून, अंगाच्या उबेने ते वाळेपर्यंत. मामी शेजारणीला म्हणाली, “किती गुणाची पोर. ठेवूनच घ्यावी असं वाटतं.” ते ऐकून तिची पाचावर धारण बसली. वाईट वागावं तर घालवतील, आणि घालवून कुठे पाठवतील ते सांगता येत नाही. चांगलं वागावं तर ठेवून घेतील. मग नेमकं किती चांगलं वागायचं? कुठपर्यंत वागलं की आई न्यायला येईल? हे गणित ती रोज आंघोळीच्या वेळी करायची, कारण तिथे कुणी चेहरा बघत नव्हतं. एवढी मोठी झाली, लग्न झालं, तरी ते गणित अजून सुटलेलं नाही. नवरा चेष्टेने म्हणतो, “लोकांच्या बायका रागावल्या की भांडी आपटतात. तू रागावलीस की भांडी आणखीच हळू ठेवतेस, आणि मी घाबरतो.” चेष्टाच करतो तो. पण त्यानंतर जरा वेळ तिच्याकडे बघत राहतो.

कार्यालयात साहेब वाटच बघत होते. परवा बैठक होती, आणि बंद झालेल्या फायलींचा आकडा वर दाखवायचा होता. साहेबांचाही यात दोष नव्हता, त्यांच्या वरही कुणीतरी बसलं होतं. “त्या मांजराचं काय झालं?” त्यांनी विचारलं. “राग या सदरात तुम्ही पिवळी लावून ठेवलीय. राग व्यक्त करत नाही, असं लिहिलंय. आता?”

“आता हट्ट करते,” ती म्हणाली.

“वा! मग लावा हिरवी.”

“सांगितलं की करते, साहेब. विचारून करते. आज कशाचा करू, असं विचारते.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे हट्टही करते आणि सांगितलेलंही ऐकते. अहो, माझ्या घरी दोन आहेत, दोघांपैकी एकही असं नाही. तुमच्याकडे दोन हिरव्या टिकल्या असतील तर दोन्ही लावा!” ते स्वतःच्या विनोदावर हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. “हे बघा. पिवळी ठेवायची तर ठेवा. पण लागोपाठ दुसऱ्या खेपेलाही पिवळी राहिली की घर बदलायचा विचार करावा लागतो, नियम तुम्हालाही माहीत आहे. त्या माणसांना काय सांगणार? तुमची मुलगी फार चांगली वागते म्हणून काढून घेतो?” परवा सकाळपर्यंत काय ते ठरवून फाइल टेबलावर ठेवते असं सांगून ती आपल्या जागेवर जाऊन बसली, टिकल्यांची पाकिटं खणातून काढली, परत खणात ठेवली. हिरवी लावली तर त्या घराचा जिना पुन्हा कुणी चढणार नाही, आणि मनी तशीच मोठी होईल. शाळेत शहाणी, कॉलेजात शहाणी, नोकरीत सगळ्यांची कामं अंगावर घेणारी, शिंक उशीत दाबणारी, चाळिशी उलटल्यावर एखाद्या नळाच्या दुकानासमोर विनाकारण उभी राहणारी. आणि पिवळी ठेवली तर कदाचित तिसरं घर, तिसरी काकू, तिसऱ्या बाईचे पाठ झालेले प्रश्न. एका बाजूला आड आणि दुसऱ्या बाजूला विहीर, आणि मधे हातात चिकट टिकली घेऊन ती.

घरी जायच्या आधी तिने कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून आईला फोन लावला. आई आता धाकट्या मावशीजवळ राहते, ऐकायला बरं येतं तिला, हवं असेल तेव्हा. इकडचं तिकडचं झालं. गुडघा, डोळ्यांत घालायचे थेंब. मग ती एकदम म्हणाली, “आई, भाऊ गेला हे मला कुणी सांगितलं होतं?”

“आज कुठून काढलंस हे?”

“आठवलं. मी मामाकडून आले तर पाळणा नव्हता. पाळण्याच्या जागी शिवणयंत्र ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं?”

पलीकडे आईने बहुतेक फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुला काय सांगायचं? तू विचारलंसच नाहीस. एवढीशी होतीस, पण समजूतदार. आल्या आल्या त्या यंत्राखालच्या चिंध्या गोळा करायला बसलीस. मी म्हटलं, कळलंय हिला.” आई पुढे म्हणाली, “तुझा आधार होता गं मला त्या वेळी. तू रडली असतीस तर मी कोसळले असते.” आणि मग, कुणाच्याही आईने विचारावं तसं, “जेवलीस का?” ती हो म्हणाली. जेवली नव्हती. फोन बंद झाल्यावर तिला आईचा राग आला नाही, दया आली, आणि त्या दयेचाच राग आला. इतकी वर्षं झाली, अजूनही पहिली दयाच येते, हिरवी टिकली लावल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या घरी गेली तेव्हा तिच्या डोक्यात काहीच नीट ठरलेलं नव्हतं. पिशवीत फाइल होती, टिकल्या होत्या. काकू नुकतीच दुकानातून आली होती आणि कट्ट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. काका बनियनवर बसून रेडिओवर सामना ऐकत होते. मनी जमिनीवर वही घेऊन बसलेली. बाईंना बघून ती उठली आणि पाणी आणायला निघाली.

“पाणी नको,” पाहणीवाली बाई म्हणाली. “बस तू.” आणि स्वतःही पिशवी बाजूला ठेवून तिच्यासमोर फरशीवर बसली. गुडघे कुरकुरले.

“हट्ट अजून व्हायचाय,” मनी म्हणाली. “गणितं राहिलीत.”

“आज हट्ट नको करूस.”

मनीने पेन्सिल वहीत आडवी ठेवली. “मी नीट करत नाही का?”

“करतेस गं. छान करतेस.” आता पुढे काय बोलायचं? प्रशिक्षणात शिकवलेली वाक्यं होती, मुलाच्या उंचीवर बसा, घाई करू नका, मुलाचा शब्द मुलालाच परत द्या. बसली तर होतीच ती. पण तोंडातून आलं ते भलतंच. “मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा मामाकडे राहायचे. आमच्या घरी बाळ आजारी होतं. मी पण कधी हट्ट केला नाही तिथे. बिस्किटसुद्धा मागितलं नाही. मला वाटायचं, मागितलं, रडले, तर काहीतरी होईल.” बोलत असतानाच तिला कळत होतं की आपण नियम मोडतोय, मुलांना आपली गाऱ्हाणी सांगायची नसतात, उद्या साहेबांना कळलं तर काय म्हणतील. पण शब्द सुरू झाले होते आणि थांबत नव्हते.

मनी लक्ष देऊन ऐकत होती. नेहमीच्या पाठ केलेल्या चेहऱ्याने नाही. कामाची माहिती मिळाल्यावर माणूस ऐकतो तशी. “मग परत नेलं का तुम्हाला?”

“नेलं.”

“रडला नाहीत म्हणून?”

मनीने थोडी वाट बघितली. मग आवाज अगदी खाली आणून, काकूला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, “आधीच्या घरी मी रडायचे. आईची आठवण यायची म्हणून. त्यांना झोप लागायची नाही. मग ते म्हणाले, आम्हाला नाही जमत.” एवढं सांगून तिने पेन्सिल उचलली, टोक बघितलं, परत ठेवली. “तुमचं मग रडायचं राहूनच गेलं असेल ना?” तिने विचारलं. शाळा बुडाली की कुणाचा धडा राहून गेला असेल ना, असं विचारावं तसं.

त्यावर ‘हो’ म्हणायला पाहणीवाल्या बाईने तोंड उघडलं, आणि ‘हो’ आलंच नाही. आधी घशात एक आवाज आला, तिचा तिलाच न ओळखता येणारा. मग डोळे, मग नाक, मग खांदे. ती परक्या घरात, फरशीवर, कामावर असताना, एखाद्या पोरासारखी हमसून हमसून रडायला लागली. आवरायचा प्रयत्न केला तसं ते आणखीच वर आलं. अगं बाई, काय झालं हो, असं म्हणत काकू सुरी हातात घेऊनच धावली, मग सुरी ठेवून पुन्हा धावली. काकांनी रेडिओ बंद केला आणि काय करावं हे न कळून नुसते उभे राहिले, मग उशी आणून तिच्या पाठीशी लावली. काकूने पाणी आणलं. तिच्या शेजारी बसून, ही परकी बाई आपल्याला टिकल्या लावायला येते हे विसरून, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. काकूच्या हाताला कांद्याचा वास होता. काय झालं हे तिने पुन्हा विचारलं नाही.

मनी भिंतीला टेकून उभी होती आणि बघत होती. रडता रडताच पाहणीवाल्या बाईच्या लक्षात आलं की ती आपल्याकडे बघत नाही, काका-काकूंकडे बघतेय. या घरात रडणाऱ्या माणसाचं काय करतात, ते बघतेय.

“काकू,” मनी म्हणाली, “आता बाईंना पाठवून देणार?”

“कुठे?”

“त्यांच्या घरी. लगेच.”

“का म्हणून?” काकूने वर न बघताच म्हटलं. “बसू दे की तिला. रडू दे हवं तेवढं. इथे कुणाची काय घाई आहे?”

मनीची हनुवटी हलायला लागली. तिने ती दातांनी धरून बघितली, हाताने धरून बघितली. मग तिच्या पायाशी असलेली कंपासपेटी तिने लाथेने उडवली, ती भिंतीवर आपटून उघडली आणि पेन्सिली, पट्टी, शार्पनर सगळीकडे वाजत गेलं, आणि त्या आवाजाच्याही वर तिचा आवाज गेला. सुंदर नव्हता तो. फाटका, घोगरा, श्वास घ्यायला न थांबणारा. मला भोपळा नको, असं काहीतरी होतं त्यात, आणि आई, आणि मी नाही जाणार, आणि पुन्हा आई. काका पुढे झाले तर तिने त्यांना दोन्ही मुठींनी मारलं, आणि ते मार खात तिथेच गुडघ्यांवर बसले. काकू बाईला तशीच सोडून उठली.

शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी जिन्यातून डोकावून विचारलं, “अहो, काय झालं? कोण रडतंय एवढं?”

मनीला पोटाशी घट्ट धरून, तिच्या लाथा चुकवत, काकू दारापर्यंत गेली.

“काही नाही हो,” ती म्हणाली. “आमची मुलगी रडतेय.” आणि पायाने दार लोटून घेतलं.